दुसुतीवर भरलेली क्षमा

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. सांगायची वेळच आली नाही, असं म्हणता येणार नाही. गिरणी संपाची माहिती गोळा करायला कॉलेजातली मुलं वह्या घेऊन यायची. त्यांना मी मोर्चे सांगायचो, धान्यवाटप सांगायचो, पोलिसांच्या काठीची खूण पोटरीवर दाखवायचो. मुलं खूश होऊन जायची. ती जिना उतरली की बायको आतून म्हणायची, "सगळं सांगितलंत. मामांचं तेवढं राहिलं." मी ऐकू न आल्यासारखं करायचो. आता बायकोही गेली. मला टोकणारं कोणी उरलं नाही, म्हणून आता स्वतःच लिहितो.

लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर माझी खोली होती. दोन दारं सोडून मामांची. ते माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या गावचे, म्हणून मामा. गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे जिथे सूत कातलं जातं तिथे, ते जॉबर होते. चाळीस-पन्नास माणसं त्यांच्या हाताखाली. पांढरं धोतर, काळी टोपी, आणि खिशात नेहमी एक लवंग. मला गावाहून आणून त्यांनीच बदली कामगार म्हणून चिकटवलं आणि कामही त्यांनीच शिकवलं. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. माझे डोळे मिटायला लावायचे आणि तळहातावर कापसाची चिमूट ठेवायचे.

"सांग, खयलो?"

कुठल्या खात्यातला ते मी चोळून बघायचो. कापूस पिंजला जातो त्या खात्यातला तंतू जरा लांब, चिवट लागतो. रिंग खात्यात हवेत उडतं ते तूस पिठासारखं बारीक, बोटांत धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही. चुकलो तर टपली. बरोबर आलं तर लवंग. "डोळे कोणाचेय फसतत," ते म्हणायचे, "बोटां फसाक देऊ नको." वर्षभरात माझी बोटं तयार झाली.

मामांना एकच मुलगी. संपाच्या वेळी तेरा वर्षांची असेल. अंगाने बारीक, बोलायला धीट. मला ती दादा म्हणायची. परळच्या तिच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या एक टीचर होत्या, माझगावच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. त्या शाळेतून निवृत्त झाल्या तरी चार-पाच हुशार मुलींना घरी बोलावून फुकट भरतकाम शिकवत. त्यात ही एक. आठवड्यातून दोनदा मामा तिला घेऊन चालत माझगावला जायचे.

संप सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, महिन्याभराचं काम. पहिले काही आठवडे तर जत्राच होती. ओट्यावर पत्ते, कॅरम, "संप आहे का मे महिन्याची सुट्टी?" अशी चेष्टा. मग बायकांच्या हातातल्या बांगड्या दिसेनाशा झाल्या, मग स्टो, मग पितळेची भांडी. गावाकडून येणारं धान्य चाळीच्या मंडळाच्या खोलीत वाटलं जायचं, तिथे रांगेत माणसं एकमेकांच्या नजरा चुकवायला लागली. आणि मग कोणी कोणी फुटायला लागलं. पहाटे गाडीत बसून, मागच्या गेटने, गुपचूप आत जाणारी माणसं.

फुटलेला माणूस ओळखायचा कसा, याची एक खूण आमच्याकडे झाली होती. कपडे बदलता येतात, अंघोळ करता येते, पण खात्यात आठ तास उभ्या राहिलेल्या माणसाच्या कानांतल्या केसांत आणि भुवयांत तूस अडकून राहतंच. चाळीतली तरणी पोरं संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची. "कान बघ रे त्याचे," एवढंच एकमेकांना म्हणायची. मीही त्यांच्यात असायचो. मी सत्तावीस वर्षांचा होतो, घरात तान्हं मूल होतं, आणि मी उपाशी राहूनही फुटलो नव्हतो याचा मला फार माज होता.

मामा रोज सकाळी पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि दिवे लागायच्या सुमाराला परत यायचे. मामींनी विचारलं तर म्हणायचे, "दोन घास येतत ना? मगे इचारू नको." एका संध्याकाळी ते जिना चढत होते आणि मी उतरत होतो. वळणावर खिडकी आहे, तिथून उजेड पडतो. त्यांनी टोपी काढून घाम पुसला. भुवयांत पांढरं होतं. कानांतही.

ते म्हणाले, "जेवलंस काय रे?"

मी सरळ खाली मंडळाच्या खोलीत गेलो आणि तिथे बसलेल्यांना सांगितलं.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी मामांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. पंचवीस-तीस पुरुष असतील. बायका-मुलं वर. मामा आले, चपला बाहेर काढल्या, सतरंजीच्या कडेला बसले.

"मामा, कामावर जाता म्हणे?"

"मी गिरणीत गेलंय नाय."

"मग रोज जाता कुठे?"

मामांनी खिशातली लवंग काढली आणि तशीच परत ठेवली.

"देवळात जात असतील," मागून कोणी तरी म्हणालं. "वाती वळायला. म्हणून कापूस लागतो अंगाला." खोलीभर हशा. त्या खोलीत कित्येक दिवसांनी कोणी हसलं होतं, त्यामुळे ते लवकर थांबेचना.

मामांनी हसणं ओसरू दिलं. मग म्हणाले, "कापूस आसा तो. नाय कोण म्हणता? पण गिरणीतलो नाय."

"गिरणीतला नाही तर कुठला? आभाळातला?"

तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं. डोकं किंचित पुढे केलं, जसं न्हाव्यापुढे करतात तसं. "तू सांग. तुका शिकवलंय मी. हात लावून बघ."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. नुसता हात पुढे करायचा होता. पण माझ्याकडे सगळे बघत होते, आणि सगळ्यांदेखत त्या माणसाच्या भुवईला बोट लावणं मला कसंसंच वाटलं. शिवाय मला खात्री होती.

"हात काय लावायचा?" मी म्हणालो. "दिसतंय की."

मामांनी डोकं मागे घेतलं. त्यानंतर त्यांना कितीही विचारलं तरी ते एक शब्द बोलले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि जिना चढून गेले. मी वर आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. कोणी तरी येऊन सांगितलं असणार. ती म्हणाली, "आणि तुम्हीच पुढे बोललात? तुम्ही?"

"खरं ते बोललो."

"खरं बोलायला दुसरं कोणी नव्हतं?"

मामांच्या घराशी बोलायचं नाही, असं ठरलं. धान्य बंद. गणपतीची वर्गणी त्यांच्याकडून घ्यायची नाही. आणि गॅलरीच्या टोकाला जो नळ होता, तिथे त्यांच्या घराने हंडा लावायचा नाही. हे शेवटचं कोणी सुचवलं ते आठवत नाही. मी सुचवलं नव्हतं. पण हात वर करणाऱ्यांत मी होतो.

मग मामा खाली रस्त्यावरच्या नळाला जायला लागले. पहाटे पाणी यायचं. दोन बादल्या घेऊन तीन मजले. गिरणीतल्या पंचवीस वर्षांनी त्यांची छाती आधीच भरलेली होती. प्रत्येक मजल्यावर थांबून ते खोकायचे. मी अंथरुणात पडून तो खोकला ऐकायचो. पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, मग आमच्या दारासमोर. बायको एकदा उठून दार उघडायला निघाली, मी तिचा पदर धरला.

महिना-दीड महिना हे चाललं. एका सकाळी खोकला दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला आणि मग बादली गडगडत गेल्याचा आवाज. पाणी जिन्यावरून खाली वाहत होतं. लोक दारं उघडून बघत होते आणि पुढे कोणी होत नव्हतं. शेवटी मामींचा आवाज आला.

आमच्याकडे मयताला वैर नसतं. भांडणं कोर्टात गेलेली असली तरी माणूस गेला की शेजारी खाली उतरतो, बांबू आणतो, खांदा देतो. त्या दिवशी चाळ उतरली नाही. गिरगावाहून मामींचे भाऊ आले, त्यांच्याबरोबर तिघे जण आले. आमचा दरवाजा लोटलेला होता. फटीतून मला ते चार अनोळखी खांदे दिसले आणि त्यांच्यामागे जाणारं कोणीच दिसलं नाही. आजही एखाद्या अंत्ययात्रेत गर्दी बघितली की मी मान खाली घालतो.

त्यानंतर बायकोने माझं ऐकणं सोडलं. ती मामींकडे भात नेऊन द्यायची, पाणी भरून द्यायची. आठ-दहा दिवसांनी मीही जायला लागलो. अपराध वाटत होता म्हणून गेलो असं लिहिलं तर मी स्वतःला बरं दाखवल्यासारखं होईल. तेव्हा मला वाटत होतं की माणसाने चूक केली, शिक्षा जरा जास्त झाली, आता पोरीचा काय दोष? मी मोठेपणा करत होतो. चाळीतून मामांच्या घरात जाणारा मी एकटाच पुरुष होतो आणि हे मला ठाऊक होतं.

मुलगी दिवसभर खिडकीत बसून भरत असायची. दुसुतीचा, म्हणजे दोन-दोन धाग्यांनी विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचा एक चौकोन, त्यावर फुल्यांचे टाके. साधारण दोन महिन्यांनी एकदा तिने मला हाक मारली.

"दादा, या ना. झालं बघा."

कापड तिने मांडीवर पसरलं. वर एका ओळीत अ, आ, इ, ई, खाली आकडे एक ते दहा. "हे कशाला?" मी विचारलं. "पहिलीतली आहेस का?"

"असंच असतं ते. टीचरच्या घरी एक आहे. त्यांच्या पणजीने केलेलं, ती माझ्याहूनही लहान होती तेव्हा. कॉलऱ्यात तिचे आईबाबा आणि भाऊ गेले. तेव्हा मुलींना शाळेत आधी अक्षरं भरायला शिकवायचे. आणि कोणी गेलं की त्यांचं चित्र भरायचं, नाव घालायचं, देवाला काय सांगायचं ते लिहायचं. खाली आपलं नाव आणि वय. मग ते कायम राहतं."

अक्षरांच्या खाली तिने जिना भरला होता. एकेक पायरी मोजून. पायऱ्यांवर एक आडवी बादली. बाजूला गिरणीची चिमणी, विटा लाल दोऱ्याच्या, आणि चिमणीतून धूर निघत होता. धूर दोऱ्याचा नव्हता. खराखुरा कापूस कापडावर ठेवून तिने त्यावर बारीक टाके घेतले होते.

"टीचरच्या पणजीने भावाचे केस लावलेत त्यात," ती म्हणाली. "माझ्याकडे बाबांचे केस नव्हते. पण टोपीत हा होता. टोपीच्या शिवणीत भरपूर अडकला होता. तो झटकून ठेवला."

"पण संपात चिमणीला धूर कुठे होता?" मी म्हणालो.

"बाबा जात होते ना कामाला. म्हणून दाखवलाय."

धुराच्या खाली काळ्या दोऱ्यात अक्षरं होती. मी ती वाचली. माझे बाबा. मग मृत्यूची तारीख. मग: संप असताना कामावर गेले ते माझ्या शाळेसाठी. देवा, त्यांना क्षमा कर. मग तिचं नाव, आणि 'हिने भरले, वय वर्षे तेरा'.

"आवडलं का?" तिने विचारलं.

तोवर माझं बोट आपसूक धुरावर गेलं होतं. सवय होती ती. कापूस दिसला की चोळून बघायचा. मी चोळला, आणि माझ्या बोटांनी मला जे सांगितलं ते कळायला निमिषही लागला नाही. तो कापूस रिंग खात्यातला नव्हता. गिरणीच्या कुठल्याच खात्यातला नव्हता. आखूड, मोडलेला, पिवळट, वर्षानुवर्षं माणसांच्या अंगाखाली दबून मेलेला कापूस होता तो. त्यात गादीच्या लाल खोळीचे दोन बारीक धागेही होते. तो जुन्या गाद्या उसवून पिंजलेला कापूस होता.

"दादा?"

"टाके सारखे आलेत," मी म्हणालो. "छान आलेत."

दुसऱ्या दिवशी मी माझगावला गेलो. आधी टीचरांच्या घरी. वाटलं, मामा मुलीला तिथे सोडून पुढे कुठे जात हे त्यांना ठाऊक असेल. लाकडी जिन्याचं जुनं घर, दारावर क्रूस. बाई सत्तरीच्या होत्या, त्यांचं मराठी घरचं होतं. त्यांनी मला पणजीचं ते कापड दाखवलं. काळपट चौकटीत, काचेमागे. खाली वाकलेल्या फांद्यांचं एक झाड, झाडाखाली थडगं, शेजारी रुमाल धरून उभी बोटभर मुलगी. तीन नावं. मुलीचं वय दहा.

"दहा वर्षांची पोर," टीचर म्हणाल्या. "माझी आजी सांगायची, तिची आई आयुष्यात एकदाही त्यांच्याबद्दल बोलली नाही. जे काय होतं ते इथे घालून टाकलं. बघा, इथे उसवलेलं दिसतंय का?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं. भावाच्या नावापुढच्या वयात एक आकडा उसवून पुन्हा भरलेला होता. जुनी भोकं अजून दिसत होती. "त्याचं वय चुकलं होतं. सिस्टरनी सांगितलं असेल, किंवा तिला स्वतःलाच आठवलं असेल. मेलेल्या माणसाबद्दल चुकीचं राहू द्यायचं नाही, असं होतं तेव्हा."

मी मामांचं विचारलं. "ते मुलीला सोडून त्या बाजूला जायचे," त्यांनी खिडकीतून दाखवलं. "मी एकदा म्हटलं, बसा ना. तर म्हणाले, काम आहे."

दोन गल्ल्या पलीकडे गाद्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक अंधारी वखार. पिंजणाची तार टणत्कार करत होती आणि आत बसलेल्या तीन माणसांच्या भुवया, पापण्या, मिशा पांढऱ्या होत्या. मालक म्हातारे चाचा होते. मी मामांचं वर्णन केलं. ते उठून उभे राहिले.

"कुठे आहेत ते? तब्येत बरी आहे ना? इतके दिवस आले नाहीत. घर कुठे ते कधी सांगितलं नाही त्यांनी."

मी सांगितलं, मामा गेले.

चाचा खाली बसले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "एवढा मोठा माणूस," ते म्हणाले. "मिलमध्ये जॉबर. पहिल्या दिवशी मला म्हणाले, काम करीन पण कोणाला सांगू नका, माझी मुलगी शाळेत जाते, तिला कोणी हसायला नको. आमच्या पोरांना कापूस कसा मोकळा करायचा ते त्यांनीच दाखवलं. बोटं होती त्यांची." मग मला म्हणाले, "मुलीला भेटायला आलो तर चालेल का? तिला सांगायचं आहे, तुझे वडील आमच्याकडे इज्जतीने बसायचे."

चाचा लालबागला आले असते, चाळीच्या गॅलरीत उभे राहून बोलले असते, तर सगळ्यांना कळलं असतं. मामा फुटले नव्हते हे कळलं असतं. आणि आधी बोट कोणी दाखवलं, हात लावून बघायला सांगितलं तेव्हा कोण काय बोललं, हेही सगळ्यांना आठवलं असतं. माझ्यासमोर त्या क्षणी मामांचा चेहरा नव्हता, मुलीचाही नव्हता. माझी खोली होती, माझा मजला होता, मंडळातली माझी जागा होती.

"घरचे आता मुंबईत नाहीत," मी म्हणालो. "गावाला गेले सगळे."

"कुठलं गाव?"

"मला नीट माहीत नाही."

चाचांनी मान हलवली. "भेट झाली तर तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन," मी म्हणालो.

मुलगी आणखी पाच महिने आमच्या चाळीत होती. दोन दारं सोडून. मामा जे काम करायचे त्यात काहीही लाज नव्हती. गिरणीतल्या निम्म्या माणसांनी तेव्हा भाजी विकली, हमाली केली. मी रोज तिला बघत होतो. कधी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, संप मिटल्यावर सांगू. संप मिटला असं कधी कोणी जाहीर केलंच नाही, तो नुसता विरत गेला. मामींनी खोली सोडली आणि त्या मुलीला घेऊन भावाकडे गिरगावात राहायला गेल्या. निघताना मुलीने ते कापड गुंडाळून छातीशी धरलं होतं. सामान मी खाली नेऊन दिलं. मामी म्हणाल्या, "तुझे उपकार आसत रे." मी तेही ऐकून घेतलं.

पुढे माझी गिरणी बंद झाली. पंधरा वर्षं मी लोअर परळला एका काचेच्या इमारतीच्या गेटवर गणवेशात उभा होतो. इमारत आमच्याच गिरणीच्या जमिनीवर आहे. रिंग खातं होतं तिथे आता गाड्या लावतात. या काळात चाळीतले जुने लोक कधी मामांचा विषय काढायचे. "चांगला माणूस, पण फुटला बिचारा." मी मान डोलवायचो.

साठी उलटल्यावर एकदा गिरगावात एका लग्नाला गेलो असताना जिन्याशी पाटी दिसली. भरतकामाचे वर्ग, आणि खाली तिचं नाव. आडनाव माहेरचंच होतं. मी वर गेलो.

लांबट खोली. आठ-दहा मुली जमिनीवर बसून भरत होत्या. ती पन्नाशीला आली होती, डोळ्यांवर जाड चष्मा. एका मुलीला ओरडत होती, "चुकलं ते दिसतंय ना? मग उसव आत्ताच. पुढे गेलीस की संपलं." मग माझ्याकडे बघितलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"दादा! अगंबाई, दादा!"

तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. मुलींना सांगितलं, "हे आमच्या लालबागचे दादा. माझे वडील गेले ना, तेव्हा अख्ख्या चाळीत आमच्या घराचा उंबरा चढणारे हे एकटे." मुली वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मामांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी खोलीत कोण काय बोललं, हे त्यांनी बायकोला नाही, मुलीला नाही, कोणालाच सांगितलं नव्हतं; चाळ त्यांच्याशी बोलत नव्हती आणि माझ्या बायकोने तोंड उघडलं नव्हतं.

तिच्या डोक्यावर भिंतीला ते कापड होतं. चौकट, काच, काचेवर एक डाग नाही. धूर पिवळा पडला होता. क्षमा कर, हे शब्द दारातूनही वाचता येत होते.

"नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच दाखवते," ती म्हणाली. "त्यांना विचारते, यात काय दिसतं? मग सांगते. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी चूक केली होती, म्हणून मी त्यांच्यासाठी माफी मागितली. लपवलं नाही काही."

"लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पूर्वी रडायचे मी सांगताना. आता नाही. लहानपणी राग यायचा मला त्यांचा, दादा. सगळ्यांचे वडील उपाशी राहिले, आपलेच कसे फुटले? वर्गातल्या मुली फुटक्याची पोरगी म्हणायच्या. मग मोठी झाल्यावर कळलं, उपाशी मुलीकडे बघून माणूस काय करेल. लग्नाचं बघायला आले होते एकदा, त्यांनाही मी हे आधीच सांगितलं. ते लोक संपवाले निघाले, परत आले नाहीत." ती हसली. "बिस्किट घ्या ना."

मी बिस्किट घेतलं. त्यानंतर चार-पाच वर्षांत मी तिच्याकडे सहा-सात वेळा गेलो. दर वेळी जाताना चर्नी रोडला उतरून वाक्य पाठ करायचो, दर वेळी जिन्यात ते पाठ असायचं. वर गेलं की ती चहा ठेवायची आणि कोणाला तरी सांगायची, हे आमचे दादा.

तिला फुफ्फुसाचा आजार झाला. परळच्या एका मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कळल्या कळल्या गेलो. या वेळी मी लिहून नेलं होतं, कागद खिशात होता. म्हटलं, बोलता नाही आलं तर वाचून दाखवीन. तेही नाही जमलं तर तिच्या उशाखाली ठेवीन.

दुपारची भेटायची वेळ होती. नाकात नळी. हाताच्या काड्या झाल्या होत्या. ती मला म्हणाली, "दादा, बाबांना भेटेन मी आता. त्यांना सांगणार आहे, मी कधीच माफ केलंय. एवढं एकच मनात आहे. बाकी काही नाही."

मी खिशात हात घातला. कागद हाताला लागला. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी स्वतःला म्हणालो, आता कशाला? मरताना तिच्या मनात खळबळ कशाला? हे मी तिच्यासाठी ठरवतोय असं मला अगदी खरंखुरं वाटलं. बाहेर रस्त्यावर येईपर्यंत वाटत होतं. मग कळलं, वखारीत मला खोटं बोलायला लावलं तीच ही भीती होती. मी परत फिरलो. वेळ संपली होती, रखवालदाराने सोडलं नाही. मी त्याला म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे, अरे मीही वॉचमन होतो. तो म्हणाला, "मग तुम्हाला माहितीच असेल, काका. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ती नव्हती.

तिच्या मामेभावाने खोली रिकामी केली. ते कापड कुठे गेलं हे विचारायला मी दोनदा गेलो. त्याला आठवत नाही. कुठे तरी असेल. कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या भिंतीवर. जे कोणी वाचेल त्याला हेच कळेल की या मुलीचा बाप फुटला होता. ते उसवून टाकणारं आता कोणी नाही.

तो कागद माझ्याकडे आहे. थोड्याच ओळी आहेत, जशा आहेत तशा उतरवतो.

पोरी, तुझे बाबा गिरणीत गेले नव्हते. संप त्यांनी एक दिवसही मोडला नाही. ते माझगावला गाद्यांचा कापूस पिंजत होते, आणि हे मला तू कापड दाखवलंस त्या दिवसापासून माहीत आहे. त्यांच्यावर खोटा आळ मी घेतला. ज्याच्यासाठी तू देवाकडे क्षमा मागितलीस त्याला तिची गरज नव्हती. ती मला हवी होती, आणि मागायची होती तुझ्याकडे. मला क्षमा कर.